आमचा जर्मन पूर्वज
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवमंडळाने 'आपले पूर्वज' ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. तथापि गेली काही वर्षे आम्ही एकाच पूर्वजाच्या पाठीस लागलो होतो, आणि त्या उद्योगात हिंगोलीच्या एका वाचनालयाचे साहाय्य आम्हांस एवढे झाले की, त्याची हकीकत सांगितल्यास ती आपणांपैकी कित्येकांच्या उपयोगी पडेल असे वाटले. म्हणून विद्वत्तेचा आव न आणता घडले तसे सांगतो.

आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो की, आपण जर्मनाचे वंशज आहोत. आमची आजी चुलीपुढे बसली असता 'आपला जर्मन बाबा' असा उल्लेख वारंवार करीत असे. जर्मन बाबा मोठा दयाळू होता, त्याला लांब दाढी होती, त्याने दुष्काळात आपल्या आईला जगविले, आणि अखेर त्याला सरकारने आगगाडीत बसवून नेले, एवढेच ती सांगे. आजी निवर्तल्यावर ह्या चार वाक्यांना पाने फुटली. हिंगोलीस पूर्वी छावणी होती हे सर्वांस ठाऊक. तेव्हा जर्मन बाबा छावणीतला गोरा शिपाई ठरला. तो आमच्या पणजीचा बाप ठरला. आमच्या एका आतेबहिणीचे डोळे घारे आहेत, हा पुरावा झाला. आणि आमच्या चुलतबंधूंनी तर एका जुन्या कॅलेंडरातून भरघोस मिशांच्या कोणा जर्मन सेनाधिकाऱ्याचे चित्र कापून, चौकटीत बसवून ओटीवर टांगले. शाळेतील मुले आम्हांस 'जर्मनची भांडी' म्हणून चिडवीत. आपल्याकडे अॅल्युमिनिअमच्या पातेल्यांना जर्मनची भांडी म्हणतात हे आपण जाणताच. चिडवले तरी आम्ही मनातून सुखावत असू, हे कबूल केले पाहिजे.

आमच्याजवळ कागद म्हणावा असा एकच होता: पणजीच्या स्नानसंस्काराच्या दाखल्याची नक्कल, ती कोणी तरी पुढे लग्नकार्यासाठी काढून आणलेली. तीत लॅटिन भाषेत मारिया हे नाव, १९०० हे साल आणि 'पुसेगाव' हे गाव एवढे वाचता येत होते. हा कागद घेऊन आम्ही वाचनालयात गेलो.

तेथील ग्रंथपालबाईंनी पहिलाच प्रश्न असा केला की, ऐकीव गोष्ट कोणती आणि लिहिलेली कोणती, हे दोन निरनिराळ्या पानांवर मांडून आणले आहे काय? आम्ही आणले नव्हते. त्यांनी तेथेच बसवून ते करविले. ऐकीव पान भरून वाहू लागले आणि लिहिलेल्या पानावर तीन शब्द झाले. दुसरा प्रश्न, पुसेगाव ते कोणते? आम्ही म्हणालो, सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांच्या रथयात्रेने प्रसिद्ध असलेले. दुसरे कोणते असणार? बाई हसल्या आणि त्यांनी परभणी जिल्ह्याचे जनगणनेचे पुस्तक पुढे ठेवले. त्यात गावांच्या यादीत पुसेगाव होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वीच्या छापील पुस्तकांत आपली सर्व गावे परभणी जिल्ह्यात शोधावी लागतात, आणि १९५६ पूर्वीची हैदराबाद राज्यात. आज ते पुसेगाव सेनगाव तालुक्यात आहे. इतक्या जवळचे गाव सोडून आम्ही साताऱ्यापर्यंत धावलो होतो, आणि त्याचे कारणही पुढे आमचे आम्हांसच उमगले: साताऱ्याचे पुसेगाव धरले म्हणजे पुण्याच्या गोऱ्या पलटणी जवळ येत होत्या.

त्यानंतरचे काही महिने आम्ही ग्रंथांत बुडून गेलो. काही ग्रंथ कपाटात होते, काही बाईंनी वाचनालयाच्या संगणकावर काढून दिले, कारण शंभर वर्षांपूर्वीची पुष्कळ इंग्रजी पुस्तके आता इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. मेजर बर्टन ह्यांचा हैदराबाद कंटिंजंटचा इतिहास १९०५ साली निघाला. हर्बर्ट कॉम्प्टन ह्यांनी हिंदुस्थानातील युरोपीय सैनिकांच्या चरित्रांचे पुस्तक १८९२ साली लिहिले. आणि निजामाच्या राज्यातील थडग्यांवरच्या लेखांची यादी क्रॉफ्टन ह्या गृहस्थांनी १९४१ साली प्रसिद्ध केली. आपल्या भागात कोणी युरोपीय पूर्वज शोधू लागला तर त्याने क्रॉफ्टनच्या यादीपासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे. पाऊस व गवत ह्यांनी जे दगड खाल्ले, त्यांची अक्षरे तेथे कागदावर उरली आहेत.

आणि काय सांगावे, मराठवाड्यात जर्मन खरोखरच होऊन गेला होता! २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीपुढे शिंद्यांची जी कवायती पायदळे उभी होती, त्यांतील मोठ्या तुकडीचा नायक अँथनी पोहलमन हा हॅनोव्हरचा. हे वाचताच आमच्या चुलतबंधूंनी ओटीवरील चित्राखाली पोहलमनचे नाव लिहिण्याचे ठरविले. पुढे दुसरे घबाड सापडले. क्रिमियाच्या युद्धासाठी इंग्रज सरकारने जर्मन लोकांची एक फौज उभारली होती. युद्ध संपल्यावर तिला दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीत नेऊन वसविले, आणि १८५८ साली तीतील सुमारे एक हजार शिपाई मुंबई इलाख्यात येऊन पुण्यास राहिले. त्यांतील पुष्कळ जण पुढे मुंबईच्या तिसऱ्या युरोपीय पलटणीत सामील झाले. एक हजार जर्मन, आणि तेही पुण्यास! त्यांतला एखादा साताऱ्याकडे उतरला नसेल कशावरून? पुसेगावचा घोळ पुन्हा मनात शिरला तो असा.

बाईंनी आम्हांस खोडून काढले नाही. त्यांनी फक्त वर्षे मांडावयास सांगितले. पणजीचे वय दाखल्यानुसार १९०० साली अठराच्या आसपास. म्हणजे जन्म १८८२ च्या सुमाराचा. पोहलमन ऐंशी वर्षे आधीचा, तो सुटला. पुण्याच्या जर्मन फौजेतील माणूस वयाने कसाबसा बसला असता; पण हिंगोलीच्या छावणीत त्याला आणावे कसे? बर्टनचे पुस्तक वाचले तेव्हा कळले की, हैदराबाद कंटिंजंटमधील शिपाई व स्वार हिंदी लोक असत, वरचे अंमलदार इंग्रज. गोऱ्या शिपायांच्या कंपन्या तेथे नव्हत्याच. आणि शेवटी त्यांनी आजीच्या वाक्यावर बोट ठेवले: 'सरकारने आगगाडीत बसवून नेले.' १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत मिळविण्यात आले आणि हिंगोलीची छावणी उठली. हिंगोलीस आगगाडी आली ती १९१२ साली, पूर्णेहून. मग जर्मन बाबाला कोठल्या आगगाडीत बसवले?

ह्या प्रश्नाने आमची एक रात्र गेली.

मध्यंतरी आम्ही लंडनच्या नोंदीही पाहून घेतल्या. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये स्नानसंस्कार, विवाह व दफन ह्यांच्या प्रती इलाखावार लावलेल्या आहेत: एन/१ बंगालच्या, एन/२ मद्रासच्या, एन/३ मुंबईच्या. हैदराबाद व जालना ह्या बाजूच्या नोंदी मुंबईच्या वहीत शोधून लोक फसतात. त्या बहुधा मद्रासच्या वहीत असतात. जर्मन नावे इंग्रज कारकुनाच्या हाती पडली म्हणजे श्मिटचा स्मिथ आणि म्यूलरचा मिलर होतो, हेही ध्यानात ठेवावे. त्या वह्यांत बापाचे नाव, हुद्दा व पलटण ठळक असते. आई ह्या देशाची असली तर पुष्कळदा तिचे केवळ ख्रिस्ती नाव, आणि कित्येकदा तेही नाही. १७९१ पासून कंपनीने हिंदी आईच्या मुलांना आपल्या वरच्या नोकऱ्यांतून वगळले, १७९५ पासून फौजेच्या अंमलदारीतूनही. तेव्हा आईचे नाव लपविण्यात बापाला व मुलाला, दोघांनाही हित वाटू लागले. हैदराबादचे रेसिडेंट कर्कपॅट्रिक ह्यांची पत्नी खैरुन्निसा हिचे नाव जगास माहीत आहे, कारण ती अमीर घराण्यातील होती. तिची दोन मुले १८०५ साली विलायतेस पाठविली गेली ती तिला पुन्हा दिसली नाहीत. जिचे घराणे अमीर नव्हते, तिचे काय झाले हे कोणत्या वहीत शोधावे?

आडनावांविषयीही दोन शब्द बोलून पुढे जातो. पुष्कळांस वाटते की आडनाव युरोपीय म्हणजे रक्तही युरोपीय. वसईकडील आपल्या बांधवांची डिसोझा, परेरा, लोपीस ही नावे पुष्कळशी धर्मपित्याच्या किंवा स्नान देणाऱ्या धर्मगुरूच्या नावावरून पडली. आपल्या बाजूस तर गायकवाड, साळवे, पवार हीच नावे राहिली, पुढे फक्त योसेफ किंवा पेत्र लागले. तेव्हा नावावरून वंश ठरवू नये.

असो. आता मूळ वहीकडे वळणे प्राप्त होते. आमच्याजवळ होती ती नक्कल. नकलेवर विसंबून राहू नये असे बाई आरंभापासून सांगत होत्या. नगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) एका जुन्या धर्मग्रामात ती वही होती. तेथील फादरांनी कृपाळूपणे ती आमच्यासमोर उघडली आणि एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी लॅटिन वाचून अर्थ सांगितला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला, त्या शिस्तीचा एक धागा नगरच्या माळावर येऊन त्या वहीत बांधला गेला आहे, हे पाहून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

पान पिवळे, शाई तांबूस. गावाच्या नावात 'यू' ह्या अक्षरावर चंद्रकोरीसारखी लहानशी खूण होती. नक्कल करणाऱ्याने तिचा अर्थ न कळून ती सोडून दिली असावी. धर्मगुरू म्हणाले, ही जर्मन हाताची खूण. जर्मन लिपीत 'यू' आणि 'एन' सारखेच दिसतात म्हणून 'यू'च्या डोक्यावर अशी कोर काढीत. नकलेत न आलेले आणखी पुष्कळ तेथे होते. पुसेगाव ह्या शब्दापुढे 'निजामाच्या मुलखातील' असे शब्द होते. सातारा तेथेच संपला. 'प्रौढ' असा शब्द होता. आणि जेथे बापाचे नाव असावयाचे, तेथे तीन लॅटिन शब्द होते: एथ्निकिस पारेन्तिबुस नाता, म्हणजे अख्रिस्ती आईबापांपोटी जन्मलेली. बाप जर्मन नव्हता. बाप ख्रिस्तीही नव्हता. खाली धर्मगुरूंची सही होती. नाव शाई फुटल्यामुळे लागले नाही, पण शेवटची दोन अक्षरे स्वच्छ होती. एस. जे.

तेव्हा सगळा उलगडा एकदम झाला. १८९९-१९०० चा दुष्काळ निजामाच्या मुलखात किती भयंकर होता हे आपण आजोबा-पणजोबांकडून ऐकले असेल. पुसेगावची ती अठरा वर्षांची मुलगी अन्नाच्या शोधात दीडशे मैलांहून अधिक वाट तुडवीत नगर जिल्ह्यात गेली. जवळ घोगरगावास १८९२ पासून धर्मगुरू होते, पण ते सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे, फ्रान्समधील सावॉयकडचे. ती तेथे थांबली असती तर आमच्या घरी 'फ्रेंच बाबा' झाला असता. राहुरी तालुक्यात केंदळच्या बाजूस १८७८ च्या सुमारापासून जर्मन येशूसंघीय काम करीत होते. त्यांच्यापैकी कोणी तरी तिला अन्न दिले आणि पुढे स्नानसंस्कार दिला. आपण धर्मगुरूंना फादर म्हणतो. आमची पणजी त्यांना बाबा म्हणाली. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले आणि १९१६ पर्यंत बहुतेकांस परत पाठविण्यात आले. दौंड-मनमाडची आगगाडी राहुरीवरूनच जाते. आमची आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिने पाहिले ते सांगितले. ती पुढे लग्न होऊन हिंगोलीकडे आली आणि तिच्याबरोबर ती चार वाक्ये आली. तिचा एकही शब्द खोटा नव्हता. छावणी आम्ही घातली, पलटण आम्ही घातली.

ओटीवरील चित्राची गोष्ट राहिली. वाचनालयात एका सचित्र पुस्तकात तोच चेहरा आढळला: तो बिस्मार्क निघाला! बाईंनी त्याचे प्रकरण वाचावयास दिले आणि आम्ही कपाळावर हात मारला. जर्मन साम्राज्यातील कॅथलिक धर्मसभेशी बिस्मार्कने जो झगडा मांडला, त्यात १८७२ साली येशूसंघाविरुद्ध कायदा होऊन त्यांची मठालये बंद पडली आणि संघाचे तरुण हॉलंड व इंग्लंडमध्ये परदेशी राहून शिकू लागले. तो कायदा पुरता रद्द झाला १९१७ साली. त्या वनवासातून आलेले कित्येक आपल्या मुंबई-पुणे मिशनात राबले. मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज १८६९ साली निघाले तेही जर्मन येशूसंघीयांच्याच हातून, आणि तेव्हाचे धर्माध्यक्ष लिओ म्यूरिन हे बर्लिनचे. आमच्या पणजीला ज्याने जगविले त्याच्या संघाला ज्याने घराबाहेर काढले, त्यालाच आम्ही तीस वर्षे पूर्वज म्हणून उदबत्ती ओवाळीत होतो.

हे सर्व आम्ही घरी सांगितले, तेव्हा आनंद झाला असे नाही. आमचे चुलतबंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आमचा आजा काढून नेलात आणि त्याच्या जागी उपाशी बाई आणून बसवली." हे बोलणे आम्हांस फार लागले, कारण त्यात खरे होते ते आमच्याविषयीही खरे होते. गोऱ्या शिपायाच्या अंगरख्याखाली आम्ही कितीएक वर्षे आमची भूक आणि गावकुसाबाहेरचे घर झाकून ठेवले होते. पुढे एके दिवशी चित्र भिंतीवरून उतरलेले दिसले. चौकट रिकामीच आहे. त्यात काय लावावे हे अद्याप ठरलेले नाही.

त्या सहीचा माणूस कोण हे शोधण्याचे काम अजून चालू आहे. ग्रंथपालबाईंच्या सांगण्यावरून आम्ही म्यूनिक येथील येशूसंघाच्या दप्तरखान्यास पत्र लिहिले आहे. आणि फ्रायबुर्ग येथून १८७३ पासून निघणाऱ्या जर्मन मिशन मासिकाचे जुने अंक पाहावयाचे आहेत, कारण धर्मगुरू आपली पत्रे त्यात छापीत. नाव लागले तर त्यांच्या जन्मगावची वहीही पाहता येईल. जर्मनीतील पुष्कळ कॅथलिक धर्मप्रांतांनी आपल्या जुन्या वह्या 'मात्रिकुला' ह्या नावाने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. ज्यांना मूलबाळ नव्हते अशा ह्या पुरुषाची वंशावळ शोधणारे आम्हीच काय ते उरलो असू.

पण मारियाचे काय? तिच्या अलीकडचे सर्व सापडते, पलीकडचे नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही हिंगोलीहून पुसेगावास गेलो. देवळाजवळच्या पारावर काही वृद्ध मंडळी बसली होती. आम्ही आमचा हेतू सांगितला, दाखला दाखविला. त्यांनी प्रथम विचारले, कोणत्या आळीची? आम्हांस सांगता येईना. माहेरचे आडनाव? तेही येईना. त्यांतील एक फार म्हातारे गृहस्थ कागद उलटासुलटा करून म्हणाले, दुष्काळात गेलेल्या लेकीसुनांच्या गोष्टी त्यांनी आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. काही परत आल्या, काही आल्या नाहीत.

"नाव काय म्हणालात?"

"मारिया," आम्ही म्हणालो.

"ते तिथलं झालं," ते म्हणाले. "इथलं काय होतं?"